गावाची कचेरी, सागाच्या खांबांवर

जुन्या चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यातल्या मालगुजारांच्या आणि जमीनदारांच्या वाड्यांत राहत्या घरापासून जरा बाजूला एक बैठक असे. कुणी तिला कचेरी म्हणे, कुणी बंगला. लगानाचा हिशेब तिथे व्हायचा, पटवारी-कोतवाल तिथे टेकायचे, तंटा घेऊन आलेली कुळे तिच्याच ओट्यावर ताटकळायची. भिंतीवर सांबराची शिंगे, गव्याचे मुंडके, एखाद्या ठिकाणी वाघाचे कातडे. कागदपत्र आणि शिकार एकाच छपराखाली नांदत. जमीन ज्याची, जंगलही त्याचेच, हे आल्यागेल्याला त्या भिंतीकडे पाहून समजत असे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि या भिंतींना सरकारदरबारी जाब द्यावा लागला. ज्यांच्याकडे शिंगे, कातडी, पेंढा भरलेली मुंडकी होती त्यांनी ती जाहीर करून मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे होते. २००३ मध्ये राहून गेलेल्यांसाठी आणखी १८० दिवसांची मुदत मिळाली. अशी वस्तू आता वारशाने घरात राहू शकते, विकता येत नाही, कुणाला भेटही देता येत नाही. आज कुणाला घरामागे स्वतंत्र खोली बांधून तिथे आपले कामाचे टेबल आणि आजोबांच्या काळातली शिंगे मांडायची असतील, तर सुताराच्या आधी त्या शिंगांचा कागद शोधावा लागेल.

पण याच मुलखात घरांपासून वेगळी उभी राहणारी दुसरीही एक वास्तू आहे. तीही कचेरीच आहे आणि तिचाही शिकारीशी जुना संबंध आहे. मालक मात्र कुणी एक नाही, सारे गाव आहे. ते गोटुल.

गोटुलाबद्दल बाहेरच्या जगाला जे माहीत आहे ते बहुतेक मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७ सालच्या बस्तरमधल्या मुरियांवरील जाडजूड ग्रंथातून झिरपलेले आहे, आणि त्यातलेही एवढेच की तरुण मुलेमुली तिथे रात्री एकत्र राहतात. एल्विन यांनी पुष्कळ काही लिहिले होते. वाचणाऱ्यांनी तेवढेच उचलले. खरे तर गावागणिक, जमातीगणिक गोटुल वेगळे असते. भामरागडकडच्या माडियांमध्ये ते मुख्यतः मुलांचे आणि पुरुषांचे. मुली नाचगाण्याला येतात आणि रात्री घरी परततात. परगावचा पाहुणा उतरतो तोही तिथेच. धानोरा भागातल्या गोंडांमध्ये ते गावाचे शिक्षणाचे, बैठकीचे, न्यायनिवाड्याचे ठिकाण. लहान मूल मोठ्यांच्या कडेला बसून गावाचे कायदे, जंगलाच्या वाटा, गाणी आणि बोलण्याची रीत तिथे शिकते. बाहेरून आलेल्यांनी नाके मुरडली, शाळेने मुलांना आपल्या भाषेची लाज शिकवली, आणि गडचिरोलीतल्या अनेक गावांत गोटुलाची जागा रिकामी पडली. हे नुकसान किती मोठे होते ते पुढे मेंढा या गावाच्या गोष्टीत दिसते.

आधी बांधणीबद्दल. गोटुल म्हणजे खांब आणि छप्पर. भिंत असलीच तर कमरेएवढी, किंवा बांबूच्या कमच्या विणून शेणमातीने लिंपलेला कूड. आत बसलेला माणूस बाहेरच्याला दिसला पाहिजे, बाहेरच्याला आतले बोलणे ऐकू आले पाहिजे. खांब सागाचे. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग देशभर नावाजलेला. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून साग गेला, आणि आलापल्लीजवळचा जुन्या सागवृक्षांचा वनपट्टा २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे जमिनीत रोवलेल्या खांबालाही उधई सहजी लागत नाही. मात्र सालीखालचा पांढरा, कोवळा भाग तिला आवडतो. म्हणून जाणता माणूस तो तासून काढतो आणि पिकलेला गाभाच मातीत उतरवतो. खांबांवर मयाली, मयालींवर आढे, आढ्यापासून दोन्ही अंगांना उतरणारे वासे, वाशांवर बांबूच्या फाका आणि त्यावर कवेलू किंवा गवत.

बांबू केव्हा तोडायचा यालाही शास्त्र आहे. पावसाळ्यात कोंब फुटतात तेव्हा कळक रसाने भरलेला असतो. तेव्हा तोडला तर त्यातल्या पिठूळ द्रव्यावर भुंगेरे तुटून पडतात आणि छपरातून पिवळी भुकटी गळू लागते. म्हणून पाऊस सरल्यावर, थंडीत, जून झालेलाच बांबू घ्यायचा आणि जमल्यास काही दिवस नाल्यात बुडवून ठेवायचा. वाहते पाणी ती गोडी धुऊन नेते. कवेलूंचे काम दरवर्षीचे. माकडांनी फोडलेली, वाऱ्याने सरकलेली कवेलू पावसाआधी फेरावी लागतात. छपरावर चढणारे चार जण, खालून कवेलू देणारे दहा जण, असा घरटी माणूस लागतो. ठेकेदाराला दिलेल्या इमारतीत हे होत नाही. जी वास्तू दरवर्षी सगळ्यांचे हात मागते, ती सगळ्यांची राहते, असे मला वाटते.

आता शिकार. माडियांमध्ये उन्हाळ्यात, पेरणीआधीच्या बिजा पंडुमच्या दिवसांत गावाने मिळून पारधीला जाण्याची रीत होती. धनुष्यबाण घेतलेले पुढे, हाकारे घालणारे मागे, आणि मिळालेल्या मांसाचे वाटे गावात. एकट्याने वाघ मारून त्याच्यावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेण्याची कल्पना या पारधीत बसत नाही. शिंगेसुद्धा कामाची होती. बस्तरमधल्या दंडामी मारियांचा गव्याच्या शिंगांचा मुकुट नाचताना डोक्यावर चढतो; त्याच शिंगांवरून इंग्रजांनी त्या जमातीचे इंग्रजी नाव ठेवले. जनावर मारले याची खूण म्हणून ती टांगलेली नव्हती. नाचायला, देवाच्या कामाला ती लागत.

आणि चंद्रपूरच्या जंगलात शिकारीचे सर्वात मोठे स्मारक आहे ते मारलेल्या वाघाचे नाहीच. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू या गोंड वीराचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो गेला, असे लोक सांगतात. पौष महिन्यात त्याची जत्रा भरायची. या जंगलात शिकारबंदी १९३५ साली आली आणि राष्ट्रीय उद्यान १९५५ साली. बंगल्यांच्या भिंतींवर हरलेल्या जनावरांची मुंडकी लागली, गोंडांनी वाघापुढे हरलेल्या माणसाला देव केले. या दोन वृत्तींतली मला जवळची कोणती, हे सांगायला मी कचरत नाही.

१९७२ चा कायदा मालगुजारांना आणि आदिवासींना सारखाच लागू झाला, आणि वाघ-गवे उरले ते त्यामुळेच, यात शंका नाही. पण मालगुजाराच्या नातवाला वकील होता आणि प्रमाणपत्राची मुदत त्याला वर्तमानपत्रात वाचायला मिळाली. पर्लकोटा नदीपलीकडच्या माणसाच्या झोपडीत खोचलेले चितळाचे शिंग एका दिवसात गुन्ह्याचा पुरावा झाले, आणि तसे झाले हे त्याला कुणी सांगितले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच काळात, डिसेंबर १९७३ मध्ये, हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पारधीहून परतणाऱ्या माडियांकडे मेलेल्या माकडिणीच्या पोटाला बिलगलेले पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी पाहिले आणि मागून घेतले. पुढे लोक जंगलात सापडलेली पिल्ले आपणहून आणून देऊ लागले. कुणावर खटला न भरता शिकार कशी कमी होते, त्याचा हा धडा आहे.

आता मेंढ्याची गोष्ट. मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातले पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंडांचे गाव. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आंदोलन पेटले. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लालश्याम शहा होते. धरणे थांबली. लढून परतलेल्या लोकांना मग प्रश्न पडला की आपल्या गावात आपले काय चालते? मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा सोबती आणि देवाजी तोफा यांच्यासारखा गावातलाच नेता यांच्याबरोबर चर्चा सुरू झाल्या. त्या चर्चांतून जी पहिली कामे निघाली त्यांत दारूबंदी होती आणि मोडलेले गोटुल पुन्हा उभारणे होते.

परंपरेप्रमाणे खांब सागाचेच हवेत. गावाने जंगलातून साग आणला, गोटुल उभे केले. साग सरकारच्या मालकीचा, त्यामुळे वनखात्याच्या लेखी ही चोरी. जमीनदारी गेल्यावर जंगल सरकारकडे आले तेव्हा निस्तारहक्कांची नोंद झाली होती, घरापुरत्या लाकडाची सोय होती. पण गावाच्या गोटुलाला लाकूड कोण देणार, याचे उत्तर कुठल्याच रजिस्टरात नव्हते. पोलीस बंदोबस्तात खाते आले, गोटुल पाडले, लाकूड घेऊन गेले. गावाने दगड उचलला नाही. परिसरातल्या ३२ गावांच्या महासभेत विषय गेला आणि ठरले की गोटुल एकट्या मेंढ्याने बांधायचे नाही, गावोगाव बांधायचे. एकेका गावात सागाचे खांब उभे राहू लागले. सगळी पाडायला खात्याकडे ना माणसे होती ना नैतिक बळ. मेंढ्याचे गोटुलही पुन्हा उभे राहिले.

महाराष्ट्रात वनहक्कांचा इतिहास लिहिताना २००६ च्या वनहक्क कायद्यापासून सुरुवात करतात. मला वाटते, ती या खांबांपासून करायला हवी. जंगलावर हक्क आहे हे लोकांनी आधी एका इमारतीच्या रूपाने सांगितले, अर्ज आणि नकाशे नंतर आले.

त्या छपराखाली जे कामकाज उभे राहिले ते कोणत्याही तालुका कचेरीने शिकावे असे. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो. दारूबंदीवर किती बैठका झाल्या असतील याची कल्पना करा. पण ठरल्यावर ती पाळायला पोलीस लागले नाहीत. बायका पुरुषांबरोबर सभेला बसल्या. ग्रामसभेला जोडून अभ्यासगट सुरू झाले, म्हणजे बाहेरच्या जाणकारासह बसून एखादा विषय मुळापासून समजून घ्यायचा, ठरवायचे मात्र सभेतच. पोळे न जाळता, अंडी-पिल्लांचा भाग राखून मध कसा काढायचा, हे अशाच अभ्यासातून आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ आणि गोंडीतली ‘मावा नाटे मावा राज’ या घोषणा नंतर फलकांवर आल्या. त्यांच्यामागे अशा लांबलेल्या, कंटाळवाण्या, चिवट बैठका आहेत.

२००९ मध्ये मेंढ्याला आणि शेजारच्या मारद्याला सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आले. देशात सर्वप्रथम असे हक्क मिळालेल्या गावांत ही दोन्ही होती. तरीही बांबू अडकून पडला. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडत होता, २००६ च्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले, आणि वाहतुकीचा परवाना मात्र खात्याच्याच हातात. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या वतीने देवाजी तोफांच्या हाती दिले. सागाचे खांब आणले म्हणून ज्या गावाची वास्तू पाडली होती, ते गाव आता आपल्या जंगलातल्या बांबूच्या गाडीसाठी स्वतः पास फाडू लागले.

गडचिरोलीत आज सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांची संख्या हजाराहून अधिक आहे. या प्रत्येक ग्रामसभेला कचेरी लागते. तेंदूच्या हंगामात फळीवर पुडके मोजले जातात, मजुरीचे मस्टर भरले जाते, व्यापाऱ्याशी करार होतो, बँकेची पासबुके, पॅन कार्ड, लेखापरीक्षणाचे कागद, वनहक्काचा मूळ दाखला आणि नकाशा, हे सगळे कुठेतरी ठेवावे लागते. पुष्कळ गावांत ते सचिव असलेल्या पोराच्या घरी, पेटीत किंवा पलंगाखाली असते. त्या पोराचे आणि गावाचे बिनसले की हिशेबही अडकतो. उंदीर आणि गळके छप्पर आहेच. म्हणून स्वतंत्र खोली हवी ही मागणी रास्त आहे, आणि ती पुरी करायला निधीही येतो. येतो तो मात्र ठरीव नमुन्याच्या सिमेंटच्या इमारतीसाठी. चार भिंती, लोखंडी दार, वर पत्रा, दाराला कुलूप. मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि कुलपाची किल्ली पुन्हा एका माणसाकडेच जाते.

याहून चांगले करता येते. गावाच्या वनहक्काच्या जंगलातूनच, ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्यात नोंदवून, गोटुलासाठी लागणारा साग मोजून घेऊ द्यावा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला राज्याचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूवर प्रक्रिया करून टिकाऊ कैच्या कशा बसवायच्या, याचे शिक्षण गडचिरोलीच्या पोरांना तिथे मिळू शकते. चौथरा दगडाचा, खांब सागाचे, तिन्ही बाजू मोकळ्या. चौथ्या बाजूला विटांची एक लहान कोरडी कोठडी, तिच्यात लोखंडी कपाट, कपाटाला दोन कुलपे आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरी, त्यातली एक बाईकडे. दफ्तर कोठडीत राहील, सभा छपराखाली भरेल. भिंतीवर काही लावायचेच तर जंगलाचा नकाशा लावावा, गावाच्या सीमा त्यावर लाल रेघेने काढलेल्या, आणि शेजारी यंदाच्या तेंदूचा जमाखर्च, सभेला आलेल्या कुणालाही वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत.