मळणीआधी एअर क्लिनरचा पाईप बघा : जुना ट्रॅक्टर, जीप, पिकअप आणि ओमनीवाल्यांसाठी



सोयाबीन काढणीला आलं की आपल्या शिवारात मळणीयंत्रं सुरू होतात. पुढे हळदीची काढणी, शिजवणं आणि पॉलिश. इंजिनासाठी वर्षातले सगळ्यात धुळीचे दिवस हेच. ज्यांची गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली आहे त्यांनी हा मेसेज शेवटपर्यंत वाचावा.

आपण फिल्टर बदलतो आणि निश्चिंत होतो. पण फिल्टर फक्त त्याच्यातून जाणारी हवा गाळतो. फिल्टरपासून इंजिनापर्यंत जो रबरी पाईप जातो, त्याची क्लिप सैल असेल किंवा पाईप तडकला असेल, तर इंजिन त्या फटीतून न गाळलेली हवा ओढतं. मग वर कितीही भारी फिल्टर असला तरी उपयोग नाही.

हवा किती लागते तेही बघा. 2500 सीसीचा ट्रॅक्टर 2000 आरपीएमवर चालला तर मिनिटाला 2000 लिटरच्या वर हवा ओढतो. म्हणजे 200 लिटरचे दहा ड्रम, दर मिनिटाला. मळणीयंत्राशेजारी आठ तास उभा राहिला तर हिशोब तुम्हीच करा. या धुळीत मातीचे बारीक, कडक कण असतात. ते रिंग, पिस्टन आणि लायनर पॉलिश पेपरसारखे घासतात. सुरुवातीला काहीच कळत नाही. नंतर इंजिन ऑइल खायला लागतं, ब्रिदरमधून फुकारा वाढतो, सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, ओढ कमी होते. तोवर इंजिन बांधायची वेळ आलेली असते, आणि ते काम ऐन हंगामात निघतं.

*तपासायचं कसं?* इंजिन बंद करा, थंड होऊ द्या. आधी बाहेरची धूळ ब्रशने आणि कोरड्या फडक्याने साफ करा, नाहीतर उघडताना तीच आत पडेल. मग फिल्टरनंतरचा पाईप काढा आणि पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर बरं. मातकट धूळ लागली तर धूळ फिल्टर चुकवून आत जाते आहे, हे नक्की समजा. आमच्या मते याहून सोपी आणि खात्रीची तपासणी नाही. गॅरेजवाल्याकडे गाडी दिली तरी हे फडकं स्वतः फिरवून बघा.

पाईप हातात आहे तोवर तो वाकवून, दाबून बघा. जुन्या रबराच्या चिरा सरळ धरल्यावर दिसत नाहीत, वाकवल्यावर तोंड उघडतात. विशेषतः खालची बाजू आणि क्लिपखालची जागा बघा. ऑइल लागून रबर फुगलं किंवा मऊ पडलं असेल तर पाईप बदलाच.

बसवताना दोन्ही टोकं कोरडी आणि तेलकटपणा नसलेली हवीत. पाईप धातूच्या नळीवरच्या उंचवट्याच्या पलीकडे जाईपर्यंत सारा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवा. अगदी कडेला बसवली की खड्ड्यात गाडी आदळल्यावर निसटते. स्क्रूची क्लिप पाईप हाताने फिरणार नाही इतकी आवळा, त्यापुढे नको. जास्त आवळली तर पट्टी रबरात घुसते. क्लिपऐवजी बांधायची तार पिळणारे पुष्कळ आहेत. तार दोन-तीन ठिकाणीच दाबते, मधे फट राहते आणि रबरही कापलं जातं. चहा-नाश्त्याच्या पैशात क्लिप मिळते, तिथे तारेची काटकसर कशाला? सायकलची ट्यूब गुंडाळून गाडी घरी आणायला हरकत नाही, पण त्यावर मळणी करू नका. सिलिकॉनचा लेपही पाईपच्या आत लावू नका, त्याचा तुकडा सुटला तर थेट इंजिनात जातो.

ऑइलवाला एअर क्लिनर असेल तर खालची वाटी, तिचा रबरी वायसर आणि कडी बघा. वाटी हलत असेल तर तिथूनही धूळ जाते. ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवर बेताल पळू शकतं.

पिकअपला टर्बो असेल तर थोडं वेगळं आहे. टर्बोच्या आधीचा पाईप सैल असला तर धूळ आत जाते आणि टर्बोची पाती खराब होतात. टर्बोनंतरचा सैल असला तर दाबाखालची हवा बाहेर पळते. भार घेतल्यावर शिट्टीसारखा आवाज, काळा धूर आणि चढाला गाडी दमणं ही त्याची लक्षणं.

जुन्या कार्बोरेटरच्या ओमनी किंवा 800 मध्ये कार्बोरेटरखालचे नट ढिले झाले की जादा हवा शिरते. गाडी रेसवर नीट चालते, पण सिग्नलला उभी केली की थरथरते, बंद पडते. लोक आधी कार्बोरेटरच साफ करून घेतात. त्याआधी नट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळा. एकाच बाजूने आवळले तर खालची पट्टी तिरकी बसते. गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कसलाही पेटणारा स्प्रे मारू नका. चालू इंजिनाजवळ उपरणं, ओढणी, पदर पंख्यापासून लांब ठेवा.

खंडेनवमीला आपण गाड्या धुऊन पूजा करतो. त्या दिवशी पाण्याचा जोराचा फवारा एअर क्लिनरच्या तोंडावर मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणखी एक. पाईप काढल्यावर इंजिनाच्या उघड्या तोंडात फडकं कोंबून ठेवायची सवय चांगली आहे, पण फडकं मोठं घ्या आणि त्याचं टोक बाहेर लोंबू द्या. पाईप बसवण्याआधी ते काढलं का, हे दुसऱ्या माणसाला बघायला सांगा.

पाईपचा किंवा क्लिपचा फोटो याच नंबरवर पाठवला तर कोणत्या मापाची क्लिप लागेल ते सांगू. फोटोत शेजारी पट्टी किंवा टेप ठेवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पुसेगाव