उत्तरं कुलुपात ठेवून

सकाळी ६. संगमनेर. डेअरीला दूध घालून आलो की कॉलेजआधीचा वेळ माझा. आज मुलांच्या स्पर्धेसाठी संगणकावर दीर्घिका घडवतोय : ४८ × ४८ पिक्सेलच्या, मुद्दाम धूसर केलेल्या. प्रत्येकीचा खरा आकार वेगळ्या फाइलमध्ये. ती फाइल स्पर्धा संपेपर्यंत कुणाला दाखवायची नाही.

११. प्रात्यक्षिकाचा वर्ग. कृष्णद्रव्य दिसत नाही, पण मागून येणारा प्रकाश वाकवतं. त्यानं दीर्घिकेचा आकार एखाद्या टक्क्यानं ताणला जातो. दीर्घिका मुळातच लांबट असतात, म्हणून हजारोंची सरासरी घ्यायची. वातावरण आणि दुर्बीण मिळून आकार त्याहून जास्त बिघडवतात. मोजण्याची पद्धत सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर कितीही सरासरी घ्या, ती चूक उरतेच आणि कृष्णद्रव्याचा सगळा नकाशा खोटा ठरतो.

१२. मुलांना २०११ ची गोष्ट सांगितली. नासा, युरोपीय अंतराळ संस्था आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं कॅगल या विदास्पर्धांच्या संकेतस्थळावर हेच कोडं जगापुढे टाकलं : ४०,००० दीर्घिका उत्तरांसह, ६०,००० उत्तरांविना. आठवड्याच्या आत खगोलशास्त्रातल्या प्रचलित पद्धतींना मागे टाकलं ते मार्टिन ओलिअरी या हिमनद्यांच्या अभ्यासकानं. उपग्रहचित्रांत हिमनदीची कड शोधायची त्याची हातोटी इथं लागू पडली. शेवटी जिंकले कॅलिफोर्नियाचे डेव्हिड कर्कबी आणि डॅनियल मार्गाला, न्यूरल नेटवर्कच्या जोरावर. मला बक्षिसाहून मोठी वाटते ती प्रश्नाची मांडणी. विश्वाचं ज्ञान नसलेल्यालाही तो सोडवता येत होता.

१.३०. डबा खाताना विषय आयुका या खगोलसंस्थेच्या अनुप्रीता मोरे यांच्यावर गेला. त्या सहप्रमुख असलेल्या ‘स्पेस वॉर्प्स’मध्ये सुमारे ३७,००० सामान्य लोकांनी चित्रं नुसत्या नजरेनं चाळून अशी प्रकाश वाकवणारी गुरुत्वीय भिंगं शोधली. यंत्रांच्या नजरेतून निसटलेलीही त्यांत होती.

३. वनस्पतिशास्त्राची एक मुलगी आली. “सर, पानांच्या फोटोत कडेचे ठिपके आकार बिघडवतात, म्हणून मी मधल्या पिक्सेलना जास्त भार देते. इथं चालेल?”

“करून बघ.”

चूक झपाट्यानं उतरली. पण प्रत्येक दीर्घिका खऱ्याहून गोल येऊ लागली. मी काही सुचवण्याआधीच ती उत्तरं दिलेल्या चित्रांवरून हा गोलपणा किती, ते काढायला बसली. फार आनंद झाला.

रात्री ९. तिची उत्तरं गुप्त फाइलशी ताडली. ठळक दीर्घिकांवर पद्धत पक्की आहे. अंधुकांवर गोलपणा अजून उरतो, आणि नकाशाला लागणाऱ्या बहुतेक दीर्घिका अंधुकच असतात. उद्याच्या संचात त्याच वाढवतो. भूगोल आणि संख्याशास्त्राच्या फलकांवर स्पर्धेची सूचना लावायची राहिली आहे.