जुन्या पोलादी सायकलचा भाव कसा ठरतो?

१९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल हाकली. ती सायकल मिलानजवळच्या कांबियागो गावात एर्नेस्तो कोलनागो यांच्या कारखान्यात घडली होती. त्या काळातल्या अशा हातघडणीच्या सायकलींमागे आज जगभरचे संग्राहक लागलेले असतात.

जाणकार आधी सांगाडा पाहतो. नळ्या कोणत्या? बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ मध्ये आणलेली ‘५३१’ किंवा इटलीची कोलंबस असेल, तर भाव चढतो. या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, त्यामुळे वजन घटतं पण सांधे पक्के राहतात. सांध्यांवरच्या पोलादी खोळी, म्हणजे लग, कारागीर कानशीने घासून रेखीव करत. ती सफाई नजरेत भरते.

मग सुटे भाग. इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीच्या अनेक जुन्या मागच्या डिरेल्युअरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर, ‘पेटंट’ या शब्दापुढे साल कोरलेलं असतं. ते सांगाड्याच्या काळाशी जुळलं, तर भाग मूळचे असण्याची शक्यता वाढते.

मूळ रंग थोडा खरचटलेला असला तरी बहुतेक संग्राहकांना तो नव्या रंगापेक्षा प्रिय. मात्र आतून गंजलेली नळी, वाकलेला फोर्क किंवा सांगाड्यात घट्ट अडकलेला सीटचा दांडा दिसला, की किंमत झटकन उतरते.

या सायकली नुसत्या भिंतीवर टांगल्या जात नाहीत. टस्कनीतल्या गायोले गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ ही फेरी निघते. तिथे कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर जुन्या सायकली पुन्हा धूळ उडवतात.