यंत्रमानव : शिकलेल्या हालचालींचे अनुकूलन

एकदा शिकविलेली हालचाल बदललेल्या परिस्थितीत योग्य फेरफारासह करण्याची यंत्रमानवाची क्षमता व ती त्याच्या ठायी निर्माण करण्याचे तंत्र. ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामास लागला. स्मृतीत नोंदविलेले टप्पे तो जसेच्या तसे पुन्हा करी. असंख्य औद्योगिक यंत्रमानव आजही याच रीतीने काम करतात.

महाराष्ट्रात यंत्रमानवांचा वापर मुख्यतः वाहनउद्योगात झाला. छत्रपती संभाजीनगर येथील क्रांती चौकाच्या पश्चिमेस असलेल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. याच कंपनीने चाकण (जि. पुणे) येथील कारखान्यात २०१० पासून माणसाशेजारी काम करणारे सहयोगी यंत्रमानव वापरात आणले. अशा यंत्रमानवाचा बाहू हाताने धरून इच्छित मार्गाने फिरविता येतो व सांध्यांचे कोन नोंदले जातात. शिकविणे यामुळे सुलभ झाले, तथापि एवढ्याने शिक्षण पाठांतरापलीकडे जात नाही. फिक्श्चरमधील भाग थोडा सरकला, तर कामगाराचा हात नकळत वळतो. केवळ नोंदीवर चालणारे यंत्र मात्र जुन्याच जागी बोल्ट बसवू पाहते.

यावर आउके आयस्पीर्ट, जून नाकानिशी व स्टेफान शाल यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत महत्त्वाची आहे. तीत हालचाल ही बिंदूंची यादी नसून गतिकीय प्रणाली असते. तिचा एक घटक अवमंदित स्प्रिंगप्रमाणे बाहूस लक्ष्याकडे ओढतो. प्रात्यक्षिकातून शिकलेला दुसरा घटक मार्गास वळण देतो व अखेरीस क्षीण होत शून्यावर येतो. परिणामी लक्ष्य हलविले, तरी बाहू नव्या जागी पोहोचतो व मार्गाचा घाट बहुधा टिकतो. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की प्रात्यक्षिकातील आरंभ व लक्ष्य फार जवळ असल्यास मूळ सूत्रानुसार लक्ष्यातील अल्प बदलानेही मार्ग बेसुमार फुगतो.

एकाच प्रात्यक्षिकातून दुसरी एक गोष्ट कळत नाही : हालचाल टेबलाशी निगडित आहे की त्यावरील भागाशी? त्यासाठी भाग हलवून तीच क्रिया अनेकदा दाखवावी लागते. ज्या टप्प्यात सर्व प्रात्यक्षिके जुळतात (उदा., बोल्ट छिद्रात शिरताना), तेथे अचूकता आवश्यक मानतात, जेथे ती भिन्न असतात, तेथे यंत्रास मोकळीक राहते. प्रात्यक्षिकापूर्वी भाग नीट लावून घेण्याची चांगल्या कामगाराची सवय येथे अडचणीची ठरते, कारण सरकलेला भाग तो कसा सावरून घेतो, हे यंत्रास दिसतच नाही.