वेलचेरीतील पाणी आणि रेडिओचा बातमीदार

आकाशवाणीवरील प्रादेशिक बातम्या आपण ऐकतो, तेव्हा निवेदकाचा आवाज हळूहळू आपल्या ओळखीचा होतो. परंतु त्या आवाजामागे पायपीट करणारा बातमीदार मात्र बहुधा अपरिचितच राहतो. वाचकहो, आज त्याच्यासमवेत चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी या वस्तीत जाऊ या.

चेन्नईचे रेडिओशी नाते जुने आहे. मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने १९२४ मध्येच येथे प्रक्षेपण सुरू केले. पुढे १६ जून १९३८ रोजी आकाशवाणीचे मद्रास केंद्र उघडले. मोठ्या दैनिकात कोणी न्यायालयाच्या, तर कोणी खेळाच्या बातम्या आणतो. रेडिओच्या सर्वसाधारण बातमीदाराला अशी वाटणी लाभत नाही. सकाळी पत्रकार परिषद, दुपारी भाजीबाजार, तर सायंकाळी पाण्याने वेढलेली वस्ती, असा त्याचा दिवस असतो.

वेलचेरीत त्याची कसोटी लागते ती ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात. हा भाग सखल. वस्तीचे पाणी पळ्ळिकरणैच्या दलदलीत उतरायचे आणि तेथून समुद्राकडे जायचे, ही निसर्गाची व्यवस्था. तळी आक्रसली, दलदलीवर इमारती व कचऱ्याचे ढीग आले, आणि पाण्याची वाट अडली. केवळ ‘पाणी साचले’ एवढे सांगून भागत नाही. ते का साचले हेही बातमीदाराला ठाऊक असावे लागते.

१ डिसेंबर २०१५ च्या पावसाचे उदाहरण घ्या. २४ तासांत तांबरम येथे ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. अनेक भागांत वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. कामगार छापखान्यात पोहोचू न शकल्याने १८७८ पासून चालत आलेल्या ‘द हिंदू’ची चेन्नई आवृत्तीही दुसऱ्या दिवशी निघू शकली नाही. त्याच दिवसांत मगरी पाण्यातून शहरात शिरल्याची अफवा पसरली. ती खोटी निघाली. अशा वेळी सेलवर चालणारा लहानसा रेडिओ घराचा आधार ठरतो. म्हणूनच त्यावरून जाणारा प्रत्येक शब्द पारखलेला हवा.

ही पारख कशी होते? ऐकीव आकडा बातमीत जात नाही. तो अधिकाऱ्याकडून आणि प्रत्यक्ष स्थळावरून, असा दोनदा पडताळावा लागतो. मग वाक्ये लहान करावी लागतात. श्रोत्याला पान उलटून मागे जाता येत नाही. म्हणून ठिकाणाचे नाव आधी, मग घटना, आणि शेवटी काय करावे याची सूचना.

मात्र खरी परीक्षा भाषेची नसून मनाची असते. ४ डिसेंबर २०२३ रोजी ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पावसात वेलचेरीतील एका बांधकामाचा खोल खड्डा खचला. त्यात अडकलेल्या दोन कामगारांचे मृतदेह बाहेर काढण्यास काही दिवस लागले. अशा प्रसंगी काठावर नातलग ताटकळत असतात. घाईने काढलेला एक शब्द त्यांना खोटी आशा देईल किंवा अकाली शोक. ‘शोधकार्य सुरू आहे’ एवढेच सांगून थांबणे, यालाही धैर्य लागते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुसळधार पावसाचा अंदाज ऐकून वेलचेरीकरांनी आपल्या मोटारी आधीच उड्डाणपुलावर नेऊन ठेवल्या. हे दृश्य सर्वांनी पाहिले. चांगला बातमीदार मात्र पुलाखालीही उतरतो. ज्यांच्याजवळ मोटार नाही, ज्यांचा संसार तळमजल्याच्या एका खोलीत आहे, त्यांनी काय उचलून कोठे ठेवले, हे तो विचारतो. पुराची खरी बातमी तेथे असते.

पावसाळ्यापूर्वी आपणही घरातला रेडिओ व सेल तपासून ठेवावेत. आणि एखाद्या दिवशी वार्ताहर दारी आला, तर जे पाहिले तेवढेच त्याला सांगावे. बातमीचा खरेपणा त्याच्याइतकाच आपल्याही हाती असतो.