वैद्यशिक्षण आणि विद्यार्थ्याचें मन

रोग बरे करण्याची विद्या शिकणारा तरुण स्वतःच खचलेला असावा, ही गोष्ट ऐकावयास चमत्कारिक वाटते. परंतु मेडिकल कॉलेजांना ती नवी नाहीं. विकृतिशास्त्राचा अभ्यास सुरू झाला, कीं वर्गांतील कोणा ना कोणा विद्यार्थ्याला आपणांस कांहीं तरी असाध्य जडल्याची शंका येऊं लागते. मानेवर गाठ हाताला लागते, छातींत धडधडतें, आणि पुस्तकांतील पान जणूं आपल्याचविषयीं लिहिलेलें आहे असें वाटतें. इंग्रजींत या प्रकाराला 'मेडिकल विद्यार्थ्यांचा रोग' असेंच नांव पडलें आहे. ही शंका बहुधा चार दिवसांत विरते; मित्र हंसतात आणि मग तोहि हंसतो.

ज्याला कोणी हंसत नाहीं असा दुसरा आजार मात्र याहून गंभीर आहे, आणि त्याची वाच्यता फार कमी होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत २०१६ सालीं ४३ देशांतील अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत शेंकडा २७ वैद्यक विद्यार्थ्यांमध्यें औदासीन्याचा विकार किंवा त्याचीं लक्षणें आढळलीं. भारतांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ सालीं आला. पंचवीस हजारांहून अधिक पदवीच्या आणि पांच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीं त्यासाठीं प्रश्नावली भरून दिली. पैकीं पदवीच्या शेंकडा १६ आणि पदव्युत्तर शेंकडा ३१ जणांनीं आत्महत्येचे विचार मनांत येऊन गेल्याचें कळविलें. प्रश्नावली स्वेच्छेनें भरावयाची असल्यामुळें, ज्याला सलत होतें त्यानेंच ती अधिक आस्थेनें भरली असेल, हें धरून चाललें पाहिजे. तरीहि आंकडा लहान ठरत नाहीं.

कारणें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. शाळेंत नेहमीं पहिला येणारा मुलगा येथें येतो, तेव्हां त्याच्या भोंवतीं सगळेच पहिले आलेले असतात. पहिल्याच चांचणींत तो मधल्या रांगेंत जातो, आणि मधली रांग म्हणजे अपयश नव्हे हें त्याला कोणी शिकविलेलें नसतें. मराठी माध्यमांतून आलेल्याला तोंडी परीक्षेंतील इंग्रजीचें दडपण निराळेंच. उत्तर ठाऊक असूनहि शब्द फुटत नाहीं. पुढें निवासी डॉक्टर झाल्यावर झोपच हरवते. न्यूयॉर्कमध्यें १९८४ सालीं लिबी झायन नांवाची १८ वर्षांची मुलगी रुग्णालयांत दगावली, तेव्हां शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्यांचा प्रश्न गाजला, आणि १९८९ सालीं त्या राज्यांत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. आपल्याकडील कृतिदलानें ७४ तास, आठवड्याची एक सुटी आणि रोज सात-आठ तासांची झोप सुचविली आहे. अर्थात् शिफारस आणि वॉर्डांतील ड्यूटीचा तक्ता हे दोन निराळे कागद असतात.

पण सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेंच आहे. त्याच २०१६ च्या आढाव्यांत, औदासीन्याचीं लक्षणें आढळलेल्यांपैकीं उपचारासाठीं गेलेले अवघे शेंकडा १६ च्या आसपास होते. औषध, तज्ज्ञ, रुग्णालय हीं ज्याच्या हाकेच्या अंतरावर, त्यानेंच तीं टाळावीं! हें अज्ञान नव्हे. लक्षणांची यादी त्याला तोंडपाठ असते. अडचण आहे ती दाराची. मनोविकार विभागांत जावें, तर खुर्चीवर आपलेच अध्यापक. केसपेपर लिहावयास आपल्याच वसतिगृहांतील वरच्या वर्गाचा मुलगा. आणि त्या आठवड्यांत तेथें शिकावयास आलेले आपलेच सोबती मागें उभे. उद्यां याच अध्यापकांची सही वहीवर घ्यावयाची असते. अशा ठिकाणीं 'मला जगणें नकोसें झालें आहे' हें वाक्य उच्चारणें सोपें नाहीं. मग एखाद्या मित्राकडून चिठ्ठी लिहून घेऊन तो स्वतःच झोपेच्या गोळ्या योजतो, आणि ही सर्वांत धोक्याची वाट.

रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचें बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें घातलें आहे. परंतु ओळखीच्या डोळ्यांना कायदा झांकूं शकत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांसाठीं कॉलेजाशीं संबंध नसलेला तज्ज्ञ, आणि तोहि वॉर्डापासून दूरच्या जागीं, असावयास हवा. तसा नसेल तर घरच्यांनींच बाहेरचा डॉक्टर गांठून द्यावा.

घरच्यांचा फोनवरील पहिला प्रश्न बहुधा 'पेपर कसा गेला?' असा असतो, आणि उत्तर 'बरा' एवढेंच येतें. झोप उडालेली, जेवण सुटलेलें, आवडीच्या गोष्टींत मन लागत नाहीं, मित्रांना टाळणें चालू आहे, असें पंधरा दिवसांहून अधिक दिसलें, तर तें आळसांत जमा करूं नये. 'शिक्षण सोडावेंसें वाटतें' असें मुलगी म्हणाली, तर त्या क्षणीं फीचा आणि कर्जाचा हिशेब काढणाऱ्या वडिलांना तें वाक्य पुन्हा ऐकूं येत नाहीं. ती तें आंतच ठेवते. मरणाचा उल्लेख आला, तर त्याच दिवशीं निघून तिच्याजवळ जावें आणि तिला एकटें ठेवूं नये. जाईपर्यंतच्या वेळासाठीं भारत सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेली ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, आणि मराठींतूनहि बोलतां येतें. फोन विद्यार्थ्यानेंच केला पाहिजे असें नाहीं. गोंधळलेल्या आईनें केला तरी चालतो.