पहिल्या पावसाची घाण अंगणातच अडवा

मृगाच्या पहिल्या जोरदार सरी कोसळतात तेव्हा गटारातून वाहणारे पाणी काळे दिसते. थोड्या वेळाने तेच पाणी बरेच निवळते. पावसाळा संपल्यापासून छपरावर, रस्त्यावर, अंगणात व गोठ्याभोवती साचलेली घाण पहिल्या सरींबरोबर एकदम धुऊन निघते, हे त्याचे कारण. वाहनांचे तेल, टायरची भुकटी, प्लॅस्टिक, शेण-मूत्र, माती व उघड्यावर फेकलेले खत हे सर्व त्यात असते. म्हणून या घाणीचा बंदोबस्त मे महिन्यातच करावा लागतो.

पाणी जाते कुठे?

मीरा-भाईंदरचे उदाहरण घेऊ. भातखाचरे, मिठागरे व कोळीवाडे असलेल्या या गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. बांध घातलेल्या खाचरात पाऊस थांबतो, गाळ खाली बसतो व पाणी सावकाश पुढे जाते. काँक्रिटवर मात्र जवळजवळ सर्व पाणी वाहून जाते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. तेवढ्या जागेवर १० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे १,००० लिटर पाणी होते. वीस गुंठ्यांच्या फरसबंद आवारातून एका सरीत २०,००० लिटर पाणी बाहेर पडू शकते.

पावसाळी गटाराचे हे पाणी शुद्ध न होताच खाडीत उतरते. उत्तरेला वसईची खाडी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून येणारी चेणे नदीही तिलाच मिळते. पश्चिमेला खारफुटी व समुद्र आहे. कोळंबी, चिंबोरी व अनेक माशांची पिल्ले याच खारफुटीत वाढतात. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि प्लॅस्टिक जाळ्यात येते. भरतीच्या वेळी नाल्याचे पाणी आधीच तुंबते. त्यात कचरा अडकला तर खोलगट खाचरातील नुकतीच लावलेली रोपे पाण्याखाली राहतात. म्हणजे वरच्या आवारातील निष्काळजीपणाचे नुकसान खालचा शेतकरी व कोळी सोसतो.

घर व सोसायटीत काय करावे?

१. मे अखेर गच्ची, अंगण व वाहनतळ कोरडे झाडून घ्यावे. पाण्याने धुऊन घाण गटारात लोटू नये.

२. सांडलेल्या तेलावर भुसा किंवा माती टाकून ती गोळा करावी. वापरलेले तेल गटारात न ओतता भंगार तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

३. ओला कचरा आवारातच कुजवावा. शहराचा घनकचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो आणि डोंगरावरचे पाणी पायथ्याच्या गावांकडे उतरते, हे विसरू नये.

४. छपराचे पहिले पाणी सोडून द्यावे. नंतरचे पाणी गाळून टाकीत साठवावे किंवा शोषखड्ड्यात मुरवावे. मुरमाड, उताराच्या जागी शोषखड्डा चांगला चालतो. खाडीकाठच्या चिकण, पाणथळ जमिनीत तो भरूनच राहतो. तेथे टाकी बरी. किनाऱ्यालगत मुरवलेले गोडे पाणी विहिरीत खारे पाणी शिरण्यास अटकाव करते. मात्र विहिरीला लागून शोषखड्डा घेऊ नये.

५. बांधकामाची वाळू व माती झाकून ठेवावी.

शेतात काय करावे?

१. शेणखताचा ढीग नाल्याकाठी नसावा. तो उंचवट्यावर करून वर पेंढा किंवा झावळ्या घालाव्यात व भोवती मातीचा लहान बांध घालावा.

२. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. मुसळधार पावसाच्या तोंडावर तो फेकल्यास बराचसा भाग पाण्याबरोबर जातो. म्हणून नत्र विभागून द्यावे व खत देताना खाचराची मुसंडी बंद ठेवावी.

३. चारसूत्री पद्धतीने भात लावल्यास चार चुडांच्या चौकोनात मध्यभागी युरिया-डीएपीची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. एका गुंठ्याला सुमारे ६२५ ब्रिकेट लागतात. खत मातीत राहिल्याने ते वाहून जात नाही आणि कमीही लागते.

४. भाजीच्या वाफ्याखाली, नाल्यालगत गवताचा पट्टा राखावा. गवतामुळे पाण्याचा वेग मंदावतो व गाळ तेथेच बसतो.

५. फवारणीचा पंप नाल्यावर किंवा विहिरीवर धुऊ नये. धुतलेले पाणी पडीक जागी, पाण्यापासून दूर टाकावे.

करून पाहा

पहिल्या पावसात गटाराचे पाणी तीन काचेच्या बाटल्यांत धरावे: पहिले लगेच, दुसरे दहा मिनिटांनी, तिसरे अर्ध्या तासाने. रात्रभर बाटल्या स्थिर ठेवून तळाचा गाळ पाहावा व तो शेजाऱ्यांनाही दाखवावा. पुढच्या वर्षी साफसफाई केल्यावर हाच प्रयोग पुन्हा करावा. पहिल्या बाटलीतील गाळ कमी झाला, तर तेवढी घाण खालच्या खाचरात व खाडीत गेली नाही, असे समजावे.